वाटेवरची मुलगी आणि शेताचा धनी

अभ्यासपाठ : भगिनी मंडळ आणि कौटुंबिक उपासनेसाठी
वाचन : रूथ, अध्याय २



प्रवेशाच्या याद्या लागल्या की आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर पत्र्याच्या पेट्या दिसू लागतात. कोणी नर्सिंगला, कोणी आयटीआयला, कोणी पदवीच्या पहिल्या वर्षाला. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरच्या या मुली. यांतल्या बहुतेकींच्या घरात शहरापर्यंत सोबत जाईल असे कोणी नसते. बाप मजुरीला गुजरातेत, आई लहान भावंडांत अडकलेली, आणि एका माणसाच्या जाण्यायेण्याचा खर्च म्हणजे आठवड्याचा किराणा. म्हणून मुलगी एकटी निघते, किंवा निघतच नाही. "एकटीला कशी पाठवू, ताई?" असे म्हणून चांगल्या गुणांची मुलगी घरी ठेवून घेतलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. त्या बापाला भित्रा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

या तिमाहीचा पाठ म्हणून रूथचा दुसरा अध्याय घेतला आहे. नामी आणि बवाज यांची गोष्ट आपण लग्नाच्या उपदेशात ऐकतो. आज ती एका परक्या मुलीच्या एकटीने घराबाहेर पडण्याची गोष्ट म्हणून वाचू या.

रूथ मवाबी होती. बेथलेहेमात तिची भाषा, तिचे बोलणे वेगळे वाटले असणार. काळ शास्त्यांचा होता. शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्या काळी प्रवासात स्त्रीचे काय होऊ शकत असे हे सांगायला नको. नामीला हे ठाऊक होते. तरी सकाळी रूथ सरवा वेचायला जाऊ का म्हणून विचारते, तेव्हा नामी तिला जा म्हणते. घरात दाणा नव्हता. धोक्याविषयी नामी बोलते ती संध्याकाळी, बाविसाव्या वचनात : दुसऱ्याच्या शेतात तुला कोणी त्रास देईल, त्यापेक्षा याच्याच बायांबरोबर राहा. ज्यांच्या घरात दाणा असतो त्यांना "जाऊ नको" म्हणणे परवडते. आपल्या पाड्यावरच्या आयांची स्थिती नामीसारखी आहे.

आता बवाज काय करतो ते पाहा. तो रूथला सांगतो की दुसऱ्या शेतात जाऊ नको, माझ्या बायांच्या मागे राहा, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यातले पाणी पी. हे तिला सांगणे झाले. पण त्याच वचनात तो हेही सांगतो की तुला हात लावू नये अशी ताकीद मी गड्यांना दिली आहे. पुढे पंधराव्या-सोळाव्या वचनात तो त्यांना पुन्हा बजावतो, आणि तिला टाकून बोलू नका, धमकावू नका असेही सांगतो. आपल्या मंडळ्यांत पहिला भाग फार होतो. मुलींनी कसे वागावे, कसे बसावे, केव्हा परतावे यावर आपण तास तास बोलतो. तरुण संघाच्या मुलग्यांना बसस्टँडवर, बसमध्ये, जत्रेत कसे वागायचे हे शेवटचे कधी सांगितले गेले? पाठ घेणाऱ्याने इथे थांबून हा प्रश्न मंडळीतल्या पुरुषांना विचारावा. थोडी शांतता पसरली तरी चालेल.

आणखी एक बारीक गोष्ट. संध्याकाळी रूथ घरी येते तेव्हा नामी विचारते, आज कुठे वेचलेस, कोणाकडे काम केलेस? रूथ सगळे सांगते, माणसाच्या नावासकट. "कुठे होतीस?" हाच प्रश्न आपल्या घरांत संशयाने विचारला जातो आणि मुलगी खोटे बोलायला शिकते. जिला घरी खरे सांगता येत नाही, ती अडचणीत सापडल्यावर घरी फोन करत नाही. मुलींबरोबर काढलेल्या एवढ्या वर्षांत मला यापेक्षा मोठा धोका दिसलेला नाही.

आता वाटेच्या गोष्टी. "नाशिकला उतर" एवढे सांगून मुलीला गाडीत बसवू नका. नाशिकमध्ये जुने सीबीएस वेगळे, ठक्कर बाजार वेगळा, महामार्ग स्थानक वेगळे, आणि नाशिकरोडचे रेल्वे स्टेशन तर शहरापासून बरेच दूर. पुण्यातही तसेच : शिवाजीनगरची एसटी २०१९ च्या अखेरीपासून वाकडेवाडीहून सुटते, शिवाय स्वारगेट आणि पुणे स्टेशन आहेच. स्थानकाचे नाव, घ्यायला येणाऱ्याचे नाव आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून पिशवीत ठेवावेत. सातपुड्याच्या घाटात रेंज नसते आणि मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते. थोडे पैसे वेगळ्या जागी. मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार कार्ड कोणी "मी सांभाळतो" म्हटले तरी हातातून सोडू नयेत. नोकरी लावून देणारा दलाल पुष्कळदा परका पुरुष नसतोच. आपल्याच भागातली, आपलीच बोली बोलणारी एखादी मावशी असते, म्हणून तर मुलगी विश्वास ठेवते.

आमच्या मुली पावरी किंवा भिली बोलतात आणि मराठीत बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. म्हणून निघण्याआधी आम्ही मैदानात सराव घेतो : "कंडक्टर साहेब, हा माणूस मला त्रास देतोय!" पहिल्या दिवशी सगळ्या हसतात. तिसऱ्या दिवसापर्यंत आवाज कुंपणापलीकडे जातो.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात काय घडले हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला एका माणसाने ताई म्हणून हाक मारली, तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून उभ्या असलेल्या रिकाम्या बसकडे नेले आणि तिच्यावर अत्याचार केला, अशी तक्रार नोंदली गेली. त्यानंतर "ती एकटी का गेली" असे म्हणणारी माणसे आपल्यातही होती. ती आपल्या गावी निघाली होती, स्थानकावर बसली होती, आणि गाडी कुठे लागली हे सांगणाऱ्याचे तिने ऐकले. आपणही प्रत्येक वेळी ऐकतो. आपल्या मुलींना यातून एवढे मात्र सांगता येते : गाडी बदलली, फलाट बदलला असे कोणी म्हटले तर चौकशीच्या खिडकीवर किंवा वाहतूक नियंत्रकाला विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि अंधारात उभ्या गाडीत एकटीने चढायचे नाही. स्थानकावर दिवे आणि पहारा असणे ही मुलीची जबाबदारी नाही. ती मागणी आगारप्रमुखांकडे आपण मोठ्यांनी लेखी करायची.

कायद्याने काय दिले आहे हेही ठाऊक असावे. अडचणीत ११२ हा नंबर फिरवायचा. महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९. रेल्वे कायदा, १९८९ चे कलमही योगायोगाने १३९ च आहे : सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला तिकीट नसले तरी रात्री वाटेतल्या स्टेशनवर उतरवता येत नाही. उतरवायचे तर जिथून ती निघाली तिथे, किंवा जंक्शन, शेवटचे स्टेशन अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही दिवसाच. तिकिटाचे पैसे भरावे लागतील, पण रात्री दोन वाजता आडगावच्या फलाटावर तिला कोणी सोडू शकत नाही. गुन्हा घडला तर तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात घेतलीच पाहिजे, "हे आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हे स्पष्ट लिहिले आहे. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे पहिल्या वेळी तरी आईला सोबत पाठवणे पूर्वीइतके जड जात नाही.

आता आमची एक चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी एका मुलीला शहाद्याहून नाशिकच्या गाडीत बसवले. गाडी रात्री नऊला पोहोचणार होती आणि मंडळीतले एक गृहस्थ तिला घ्यायला गेले होते. धुळ्याच्या पुढे गाडी बिघडली. ते गृहस्थ साडेदहापर्यंत थांबले आणि गाडी रद्द झाली असेल असे समजून घरी गेले. त्यांनी मला फोन केला तेव्हा माझ्याकडे रेंज नव्हती. मुलगी दीड वाजता उतरली. तिला शिकवलेले सगळे तिने केले : बाहेर गेली नाही, रिक्षावाल्यांना उत्तर दिले नाही, नियंत्रकांना आपले नाव सांगितले आणि लेकुरवाळ्या एका कुटुंबाजवळ पेटीवर बसून राहिली. त्या कुटुंबातल्या आजींनी पहाटे तिला चहा पाजला. तिच्याकडून काहीच चुकले नाही. चुकलो आम्ही. बवाजने ताकीद देऊन ठेवली होती, आम्ही "बघू" म्हणून ठेवले होते. सकाळी फोनवर ती रडली नाही, मीच रडले.

१८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. वाटेवर मुलींचे काय होते हे तरुणपणी आईबापांबरोबरच्या भटकंतीत आणि दुष्काळात त्यांनी पाहिले होते. आपल्याला इतक्या दूर जायचे नाही. स्टँडपर्यंत जायचे आहे.

त्या रात्रीनंतर आम्ही पद्धत बदलली. प्रत्येक मुलीमागे उतरण्याच्या ठिकाणी दोन घरे ठरवतो, एक नाही. गाडी कितीही उशिरा आली तरी मुलगी प्रत्यक्ष दिसेपर्यंत किंवा ती सुखरूप असल्याचा निरोप मिळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. शक्यतो दिवसा पोहोचणारी गाडी, मग पहाटे चारला पाड्यावरून निघावे लागले तरी चालेल, कारण त्या अंधारात तिच्याबरोबर सारा पाडा असतो.

या वर्षी वसतिगृहातून अकरा मुली निघणार आहेत : नाशिकला सहा, पुण्याला तीन, धुळ्याला दोन. नाशिक आणि धुळ्याची घरे ठरली आहेत. पुण्यात अजून एकच घर आहे, तेही स्वारगेटपासून दूर. पुण्यातल्या ज्या कुटुंबाला वाकडेवाडीच्या स्थानकावर येणे जमेल, त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे आणि घरातला कोणता माणूस येणार हेही लिहावे, म्हणजे मुलीला त्याचा फोटो आधीच दाखवता येईल.