वीजतारांतून येणारे इंटरनेट आणि त्यातील बिघाडांचा शोध

घरातील विजेच्या तारा दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी घातलेल्या असतात. त्यांतून कधी संदेशही धावतील, असा विचार त्या घालणाऱ्याने केलेला नसतो. ‘पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर’ या नावाने मिळणाऱ्या उपकरणांतील बहुतेक अडचणींचे मूळ एवढ्यातच आहे. राऊटरजवळच्या सॉकेटमध्ये एक आणि दूरच्या खोलीत दुसरा अ‍ॅडॉप्टर लावला, की भिंतीतील तारच इंटरनेटची वाहिनी बनते. जाड भिंतींमुळे जेथे वाय-फाय पोचत नाही, तेथे हा उपाय विशेष उपयोगी पडतो. परंतु काल सुरळीत चालणारी जोडी आज अडखळू लागते. ती निकामी झाली असे समजून नवी आणली जाते, आणि पुष्कळदा नवीही तशीच वागते.

मूळ कल्पना जुनी आहे. 1920 च्या दशकापासून वीजपुरवठा करणाऱ्या कंपन्या उच्चदाब तारांचा उपयोग दूरध्वनीसाठी करू लागल्या होत्या. भारतातील मोठ्या उपकेंद्रांतही, जेथे तारा आत येतात तेथे, पिंपाच्या आकाराची वेटोळी आढळतात. त्यांना ‘वेव्ह ट्रॅप’ म्हणतात. 50 हर्ट्‌झची वीज त्यांतून सहज पुढे जाते. संदेशाचे अधिक कंप्रतेचे तरंग मात्र तेथे अडतात आणि उपकेंद्राच्या यंत्रसामग्रीत वाया जात नाहीत. घरगुती अ‍ॅडॉप्टरचे तत्त्व हेच, केवळ त्याची कंप्रता कितीतरी वरची असते. ती सुमारे 2 मेगाहर्ट्‌झपासून सुरू होते आणि काही प्रकारांत 86 मेगाहर्ट्‌झपर्यंत जाते.

हा वेव्ह ट्रॅप ध्यानात ठेवला म्हणजे सर्वांत सामान्य चूक चटकन उमगते. संगणकाच्या संरक्षणासाठी घेतलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात पुष्कळदा विजेतील अनिष्ट तरंग गाळणारी योजना असते. अ‍ॅडॉप्टरचा संदेश हा त्या बोर्डाच्या दृष्टीने अनिष्ट तरंगच! म्हणून अ‍ॅडॉप्टर नेहमी थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये लावावा, आणि बोर्ड शेजारच्या सॉकेटमध्ये.

एवढ्याने भागले नाही, तर शोध क्रमाने घ्यावा लागतो. प्रथम संगणक केबलने राऊटरलाच जोडून पाहावा. तेथेही वेग मंद असेल, तर अ‍ॅडॉप्टरला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर दोन्ही अ‍ॅडॉप्टर एकाच खोलीत, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावावेत. परस्परांची ओळख पटली नसल्यास एकावरील जोडणीचे बटन दाबून, साधारण दोन मिनिटांच्या आत, दुसऱ्यावरील दाबावे. येथे ते नीट चालले, तर उपकरणे निर्दोष आहेत आणि दोष वाटेत आहे, असे समजावे. मग एक अ‍ॅडॉप्टर जागीच ठेवून दुसरा खोलीखोलीतून नेत गेले, की संदेश कोठे क्षीण होतो ते कळते. या चाचणीला एक पैसाही लागत नाही. तरीही नवी खरेदी होण्यापूर्वी ती क्वचितच केली जाते.

अडथळा ठरावीक वेळीच येत असेल, तर एखाद्या विद्युत् उपकरणाचा संशय घ्यावा. मिक्सर, ड्रिल, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर ही सर्व तारेत गोंगाट सोडतात. ती एकेक करून बंद केली, की अपराधी सापडतो. हा गोंगाट ऐकणाऱ्याच्या कानाशी असला म्हणजे अधिक बाधतो. त्यामुळे संगणकाकडील अ‍ॅडॉप्टरशेजारी चार्जर असेल, तर येणारी माहिती रखडते आणि जाणारी सुरळीत जाते. वेगातील हा एकतर्फी फरक शोधाला फार उपयोगी पडतो.

भारतीय घरांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मोठ्या घरांना तीन फेजचा पुरवठा असतो. दोन अ‍ॅडॉप्टर वेगवेगळ्या फेजवर असतील, तर संदेश एका तारेतून दुसरीत केवळ झिरपतो, आणि झिरपता झिरपता दुबळा होतो. कोणती खोली कोणत्या फेजवर आहे, हे एखादी फेज गेली म्हणजे अनायासे कळते. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. एक अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या वायरिंगवर आणि दुसरा थेट पुरवठ्यावर असेल, तर संदेशाला इन्व्हर्टरमधून वाट काढावी लागते. वीज गेल्यावर तर दुसरा अ‍ॅडॉप्टर बंदच पडतो. दोन्ही एकाच बाजूला असणे बरे.

खोक्यावरील वेगाचा आकडा शब्दशः घेऊ नये. तो आदर्श तारेवरचा असून पुष्कळदा दोन्ही दिशांची बेरीज असते. खोक्यावर 500 किंवा 600 मेगाबिट लिहिलेल्या कित्येक अ‍ॅडॉप्टरांच्या केबलच्या खोबणीची मर्यादाच 100 मेगाबिटांची असते. नव्या प्रकारांत अर्थिंगची तारही संदेशासाठी वापरली जाते. ती केवळ नावापुरती असली, तर तो लाभ मिळत नाही. अर्थिंग नसणे हा मुळात जिवाला धोका आहे, इंटरनेट ही नंतरची बाब.

संपर्क अधूनमधून तुटत असेल आणि त्याच वेळी दिवा लुकलुकत असेल, सॉकेट गरम लागत असेल किंवा बोर्डात चरचर ऐकू येत असेल, तर तारेचा जोड सैल झाला असण्याचा संभव मोठा. अशा जोडात ठिणग्या पडतात. त्या संदेश बिघडवतात आणि आगही लावू शकतात. अशा वेळी अ‍ॅडॉप्टरची खटपट सोडून मेन स्विच बंद करावा, बोर्ड स्वतः उघडू नये, आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे.