पावाचा नंदी

श्रावणातील अमावास्येला पोळा असतो. तिलाच पिठोरी म्हणतात. कारण त्या दिवशी आया ६४ योगिनींच्या मूर्ती पिठाच्या करून पुजत असत. दुसऱ्या दिवशी नागपुरात मुलांचा तान्हा पोळा भरतो. तो दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला, असे सांगतात. मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून आणतात. पण लाकडी नंदी महाग! ज्याच्या घरी तो नसेल, त्याने काय करावे?

शिळ्या पावाच्या कडा काढून पांढरा भाग कुस्करावा. (ताजा पाव खावा, हेच बरे.) एका कापाला एक मोठा चमचा पांढरा गोंद घालून, बोटांना चिकटेनासा होईपर्यंत मळावे. उरलेला गोळा ओल्या फडक्यात झाकून ठेवावा. आधी धड घडवावे, मग पाय. वशिंड विसरू नये, नाहीतर बैलाचे गाढव होते! शिंगांत बारीक तार घालावी. नंदी सावलीतच वाळवावा. उन्हात वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आत ओल राहते आणि पाठीला भेगा पडतात. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, म्हणून चार-पाच दिवस आधीच कामाला लागावे. मग रंग द्यावा. नंदी काड्यापेटीवर चिकटवून तिला दोरी बांधली, की तो तोरणाखाली ओढीत नेता येतो.