बाळगुटीचे वेढे : वय, मात्रा आणि मर्यादा

कौमारभृत्य हे अष्टांग आयुर्वेदातील एक स्वतंत्र अंग होय. तथापि समाजात या अंगाचे नित्य आचरण वैद्यांपेक्षा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनीच अधिक केले. कृष्णाकाठच्या वाई-कराडपासून जत-आटपाडीच्या माळापर्यंत बाळगुटी, ओव्याचा शेक, वेखंडाची पूड, साळीच्या लाह्यांचे पाणी हे उपचार घराघरांत चालत आले. या उपचारांत औषधाइतकेच महत्त्व ते देणाऱ्या हाताला होते. कोणत्या वयास कोणते द्रव्य, सहाणेवर किती वेढे, कोणत्या दिवशी थांबावे आणि केव्हा वैद्याकडे धाव घ्यावी, हे आजीला पाठ असे.

आज गुटीचा संच आपल्या औषधालयातून घरी जातो. त्याच्यासोबत आजी मात्र जात नाही. सबब वय, मात्रा आणि मर्यादा सांगण्याचे जे काम पूर्वी घरात होत असे, ते आता वैद्य व औषधालयचालक यांच्याकडे आले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात दूषित खोकल्याच्या औषधाने अनेक बालकांचा मृत्यू ओढवल्यानंतर हे काम अधिकच जोखमीचे झाले आहे. घरगुती औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, अशी समजूत घेऊन येणाऱ्या पालकास आपण काय देतो व काय नाकारतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्षीराद बालकाचे औषध कोणास द्यावे?

क्षीराद, क्षीरान्नाद आणि अन्नाद हे बालकांचे त्रिविध वर्गीकरण आपण सर्वांनी अभ्यासले आहे. सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात या वर्गीकरणास चिकित्सेची जोड दिली आहे. केवळ दुधावर असलेल्या बालकाच्या व्याधीत औषध धात्रीस द्यावे, दूध व अन्न दोन्ही घेणाऱ्या बालकाच्या बाबतीत बालक व धात्री या दोघांस द्यावे, आणि अन्न खाणाऱ्या बालकास स्वतःसच द्यावे, असा हा क्रम आहे. त्याच अध्यायात सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न सुरू करण्यास सांगितले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाचा पुरस्कार केला आहे. या काळात पाणीसुद्धा देऊ नये, असे तिचे सांगणे आहे. बाराव्या दिवसापासून गुटी सुरू करण्याचा प्रघात या सूचनेशी विसंगत ठरतो आणि सुश्रुतांच्या क्रमाशीही तो जुळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बालकास पोटफुगी वा पोटदुखी होत असेल, तर प्रथम मातेचा आहार तपासावा. मातेस जिरे, ओवा, बडीशेप यांचा युक्तीने उपयोग सांगावा. स्तनपानाची रीत, बालकाची धरण्याची पद्धत आणि दुधानंतर ढेकर काढणे पाहावे. बालकाच्या नाभीभोवती हिंगाचा कोमट लेप किंवा ओव्याच्या पुरचुंडीचा हलका शेक हे बाह्य उपचार पुरेसे होतात. शेक देण्यापूर्वी पुरचुंडी स्वतःच्या गालास लावून पाहावी. पोटावर डाग देणे किंवा बिब्बा घालणे हे प्रकार कोठे आढळल्यास ते स्पष्ट शब्दांत थांबवावेत.

मधाविषयी

सातारा जिल्हा मधाचा जिल्हा आहे. महाबळेश्वरचा मध सर्वदूर जातो आणि तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. बालकांच्या बहुतेक चाटणांत अनुपान म्हणून आपण मधच सांगतो. तरीही एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, असे आम्ही येथे निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो.

मधात बोट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ती वाढत नाहीत. अर्भकाच्या अपक्व आतड्यांत मात्र रुजतात आणि तेथे विष निर्माण करतात. अर्भकांतील हा स्वतंत्र व्याधी म्हणून १९७६ मध्ये ओळखला गेला. मलावरोध, क्षीण रडणे, दूध ओढण्याची ताकद कमी होणे, पापण्या मिटू लागणे, मान व अंग लुळे पडणे हा त्याचा क्रम होय. पुढे श्वसनाचे स्नायूही दुर्बल होतात. मध शुद्ध असला तरी ही बीजे त्यात असू शकतात. घरगुती उष्णतेने ती नष्ट होत नाहीत, आणि मध तापवणे तर आपल्या शास्त्रास मुळीच मान्य नाही.

सुवर्णप्राशनाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात मध व घृतासह सुवर्ण सांगितले आहे आणि पुष्य नक्षत्रावर अनेक वैद्य अर्भकांनाही ते देतात. इतक्या वर्षांत कोणास अपाय झाल्याचे दिसले नाही, असा युक्तिवाद यावर केला जाईल. व्याधी विरळा आहे हे खरेच. परंतु तो झाल्यास बालकाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते, आणि अनेकदा तो ओळखलाही जात नाही. उलटपक्षी अनुपान बदलता येते. शार्ङ्गधरांनी बालकांच्या औषधासाठी दूध, मध, साखर व घृत अशी अनेक अनुपाने सांगितली आहेत. त्यांपैकी मध वगळून स्तन्य वा घृत निवडणे शास्त्राच्या मर्यादेतच बसते. एक वर्षाच्या आत सुवर्णप्राशनाचा आग्रह न धरणे हे त्याहून श्रेयस्कर.

वेढा हे वजन नव्हे

गुटीची मात्रा वेढ्यांत मोजतात. काश्यपांनी नवजातास विडंगफळाएवढी मात्रा सांगून ती वयानुसार वाढविण्यास सांगितले आहे. शार्ङ्गधरांनी पहिल्या महिन्यास एक गुंज व पुढे दरमहा एकेक गुंज वाढ सांगितली. आजच्या मानाने एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. ही मात्रा सौम्य काष्ठौषधींची कमाल समजावी. जायफळ वा वेखंडास ती लावू नये.

आता प्रश्न असा की, एका वेढ्यात किती द्रव्य उतरते? बदाम व खारीक मऊ, हळकुंड टणक, सहाण नवी असल्यास खरखरीत, जुनी असल्यास गुळगुळीत. त्यात प्रत्येक हाताचा दाब निराळा. अर्थात दोन घरांतील दोन वेढे सारखे नसतात. प्रत्येक औषधालयचालकाने पुढील प्रयोग स्वतः करून पाहावा. सूक्ष्म वजनकाट्यावर कोरड्या काचेच्या ताटलीचे वजन घ्यावे. एकेका द्रव्याचे दहा वेढे उगाळून ते पाणी ताटलीत उतरवावे, ताटली पूर्ण वाळवून पुन्हा वजन करावे आणि वाढलेल्या वजनास दहाने भागावे. असे तीन निरनिराळ्या व्यक्तींच्या हातून करावे. येणाऱ्या आकड्यांतील तफावत पाहिल्यावर संचासोबत लेखी मात्रापत्रक का हवे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

सहा महिन्यांनंतर गुटी द्यावयाची झाल्यास रोज सर्व द्रव्ये उगाळण्याचे प्रयोजन नाही. लक्षण पाहून दोन-तीन द्रव्ये निवडावीत : पोटात मुरडा असता मुरुडशेंग, मलावरोधास हिरडा, आमदोषास सुंठ व नागरमोथा. उगाळण्यास उकळून गार केलेलेच पाणी घ्यावे. सहाण व द्रव्ये वापरापूर्वी आणि वापरानंतर धुवावीत, उन्हात कोरडी करावीत व हवाबंद डब्यात ठेवावीत. ओलसर फडक्यात गुंडाळलेल्या गुटीवर बुरशी धरते. बदाम-खारकेवर ती लवकर येते. असे द्रव्य घासून वरचा भाग काढला तरी वापरू नये, टाकून द्यावे.

संचातील चार द्रव्यांची परीक्षा

अतिविष : हे महाग असल्याने त्यात भेसळ फार. शुद्ध अतिविषाचा कंद मोडला असता आतून पांढरा, पिठूळ व चवीस केवळ कडू असतो. जिभेस मुंग्या येणे वा बधिरता जाणवणे हे बचनागाच्या मिश्रणाचे लक्षण होय. दोन्ही एकाच कुळातील असल्याने ही परीक्षा अनुभवी वैद्याने अगदी कणभर द्रव्यावर करावी, लगेच थुंकून टाकावे व चूळ भरावी. शंका येताच सर्व माल परत करावा.

वेखंड : अल्प मात्रेत दीपन, अधिक मात्रेत वामक. भारतीय वेखंडात बीटा-ॲसारोन हे द्रव्य बरेच असते. त्यामुळेच अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाचा वापर बंद केला. अर्भकास ते पोटात देऊ नये. पूड अंगास लावतानाही ती नाकातोंडात उडणार नाही याची काळजी घ्यावी.

जायफळ : बाळ शांत झोपावे म्हणून याचे वेढे वाढविले जातात. अधिक मात्रेत सुस्ती, भ्रम व हृदयगती वाढणे ही लक्षणे होतात. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या बालकांना अफूयुक्त बाळगोळी देऊन निजविले जाई, याची नोंद तत्कालीन सरकारी अहवालांत आहे. सातारा जिल्ह्यातून त्या गिरण्यांत गेलेली कुटुंबे थोडी नव्हती. अफू गेली, रडणारे मूल निजले म्हणजे बरे झाले, ही समजूत मात्र जाणे बाकी आहे. झोपेसाठी जायफळ मागणाऱ्या मातेस आधी बालकाच्या रडण्याचे कारण विचारावे.

हळकुंड : सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपले भाग्य. परंतु हळदीस झळाळी आणण्यासाठी शिशाचे पिवळे रंगद्रव्य वापरले जाते, असे २०१९ मध्ये बांगलादेशातील अभ्यासात सिद्ध झाले. शिसे बालकाच्या मेंदूस घातक आहे. गुटीसाठी पॉलिश न केलेले हळकुंड ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेणे आपल्या भागात कठीण नाही.

अतिसार

आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, हा चरकांचा दंडक. मायफळ, जायफळ, कुडा उगाळून शौच थांबविले तरी शरीरातून गेलेले पाणी व क्षार परत येत नाहीत. आणि बालक दगावते ते त्यांच्याच अभावी. कृष्णेच्या ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांसारख्या काळात, तसेच ऊसतोडीच्या फडांवर, जेथे शुद्ध पाणी दुर्मीळ असते, तेथे ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

पहिले औषध जलसंजीवनी. तयार पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली आहे. औषधालयातील फळीवर असा जुना माल असल्यास तो काढून टाकावा. सोबत जस्ताच्या गोळ्या १४ दिवस : दोन ते सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २० मिलिग्रॅम.

आपला लाजामंड आणि भाताची पेज यांस येथे मानाचे स्थान आहे. सहा महिन्यांवरील बालकास जलसंजीवनीच्या जोडीला त्या द्याव्यात, तिच्याऐवजी नव्हे. स्तनपान क्षणभरही बंद करू नये.

कास व प्रतिश्याय

साधी सर्दी आठवड्याभरात उतरते. एक वर्षावरील बालकास बालचतुर्भद्र चूर्ण, म्हणजे नागरमोथा, पिंपळी, अतिविष व काकडशिंगी, मधासह योग्य मात्रेत द्यावे. तुळशीचा स्वरस व मध यांचाही उपयोग होतो. धुरी मात्र देऊ नये. ज्याची श्वासनलिका आधीच सुजली आहे, त्यास धूर अपायच करतो. कापूर पोटात गेल्यास झटके येतात व थोड्या मात्रेनेही प्राण जाऊ शकतो. सबब कापूरयुक्त तेल बालकाच्या नाकाशी लावू नये व हाताशी येईल असे ठेवू नये.

प्रत्येक मातेस श्वास मोजण्यास शिकवावे. बालक शांत असता पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० वा अधिक, एक ते पाच वर्षे ४० वा अधिक श्वास आढळल्यास, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, घरगुती औषधाची मर्यादा संपली असे समजावे.

औषधालयातील आचार

गुटीचा संच देताना बालकाचे वय विचारल्यावाचून पैसे घेऊ नयेत. सहा महिन्यांच्या आत असल्यास संच न देता मातेस वैद्याकडे पाठवावे. प्रत्येक संचावर द्रव्यांची नावे, बांधणीची तारीख, वयानुसार मात्रा आणि ‘एक वर्षाच्या आत मध देऊ नये’ ही ओळ ठळक छापावी. त्याखाली रुग्णालयात त्वरित नेण्याची लक्षणे द्यावीत : दूध पिणे बंद होणे, सर्व काही ओकून टाकणे, झटके, गुंगी, शौचात रक्त, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, जलद श्वास, आणि दोन महिन्यांच्या आतील बालकास कोणताही ताप.

असे केल्याने काही संच कमी विकले जातील, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरी आपण एकदा योग्य वेळी नकार दिला, ते घर पुढील औषधासाठी आपल्याकडेच येते, असा वृद्ध वैद्यांचा अनुभव आहे. वय, मात्रा व मर्यादा सांभाळून दिलेली गुटी हे आपल्या परंपरेचे धन आहे, आणि ती तशीच दिली जाईल हे पाहणे आपल्या हाती आहे.