स्नानगृहातील आधारदांडा : वृद्धांच्या चिकित्सेतील एक राहून गेलेला विचार

संधिवाताच्या वृद्ध रुग्णास आपण सर्वांगास अभ्यंग व तदनंतर उष्णोदकाने स्नान सांगतो. रात्री त्रिफळा किंवा गंधर्वहरीतकी देतो. दोन्ही योजना शास्त्रसंमत आहेत व त्यांचा गुणही येतो. परंतु तेलाने माखलेले पाऊल गुळगुळीत फरशीवर कसे टेकते, आणि पहाटेच्या अंधारात मलवेग आल्यावर तो रुग्ण कशाला धरून बसतो व उठतो, याची नोंद आपल्या केसपेपरवर कोठेही नसते.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी जानुसंधिगत वातासाठी माझ्याकडे येत असत. महानारायण तेलाच्या अभ्यंगाने दीड महिन्यात वेदना व स्तब्धता बरीच कमी झाली आणि त्या कोणाच्या मदतीवाचून स्नान करू लागल्या. एके सकाळी स्नान आटोपून पाटावरून उठताना त्यांनी भिंतीवरील टॉवेलची दांडी धरली. ती स्क्रूंसह निघून हातात आली. ऊर्वस्थीच्या ग्रीवेचा भग्न होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्या चिरंजीवांनी मला दोष दिला नाही. ‘तेल पुन्हा केव्हा सुरू करायचे?’ एवढेच विचारले. तो प्रश्न मला अधिक बोचला. अग्नी, निद्रा, मल, मूत्र सर्व काही मी विचारले होते. ज्या जागी माझी चिकित्सा रोज घडत होती, ती जागा मात्र विचारली नव्हती.

वास्तविक या विषयाचे बीज आपल्या संहितांत आहे. वाग्भटाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात मज्जाक्षयाची लक्षणे सांगताना अस्थींचे सौषिर्य, भ्रम व डोळ्यांपुढे अंधारी ही तीन एकत्र सांगितली आहेत. पोकळ झालेले हाड, चक्कर आणि मंद दृष्टी एकाच देहात आल्यास काय घडेल, हे वेगळे सांगावयास नको. सुश्रुताचार्यांनी भग्नसंधानास बाल्यात एक महिना धरला, तर मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ सांगितला आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दंडधारणाचे गुण आले आहेत. त्यांत अडखळणाऱ्यास आधार हा गुण पहिला आहे. मात्र हातातील काठी स्नानगृहात उपयोगी पडत नाही. ओल्या फरशीवर तीच प्रथम घसरते. तेथे दंड भिंतीतच रोवलेला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार पासष्टीपुढील सुमारे २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडतात. घरातील धोके दूर केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी, व मुळात धोका अधिक असलेल्या वृद्धांत ३८ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेत आहे. हा निष्कर्ष एकट्या दांड्याचा नव्हे. उजेड, पायऱ्या, निसरडी फरशी अशा सर्व सुधारणांचा मिळून आहे.

बाजारात ‘ग्रॅब बार’ या नावाने मिळणारा दांडा साधारण सव्वा ते दीड इंच जाडीचा, मुठीत पूर्ण मावणारा असावा. भिंत व दांडा यांमध्ये दीड इंच अंतर ठेवावे. अधिक ठेवल्यास हात निसटून कोपर मध्ये अडकते. अमेरिकेतील मानकांप्रमाणे त्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार सोसला पाहिजे. कमोडजवळील आडव्या दांड्याची उंची तेथे ३३ ते ३६ इंच धरतात. पण आपल्याकडील अनेक वृद्ध पाटावर बसून स्नान करतात व भारतीय बैठकीचा संडास वापरतात. त्यांना एवढ्या उंचीवरील आडवा दांडा उठताना कामास येत नाही. त्यांच्यासाठी जमिनीपासून फूटभरावर सुरू होणारा उभा दांडा बरा. मी घरच्या मंडळींना सांगतो की, प्रथम कोरड्या जागी रुग्णास बसवून उठावयास सांगा, हात आपोआप जेथे जातो तेथे खडूने खूण करा, आणि मगच प्लंबरला बोलवा. पक्षाघाताच्या रुग्णात दांडा सबळ हाताच्या बाजूस हवा, ही गोष्ट प्लंबरला ठाऊक नसते; ती चिठ्ठीवर आपणच लिहावी.

दांड्याइतकीच भिंतही महत्त्वाची. टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर तेथे भोक पाडू नये. साध्या प्लॅस्टिकच्या प्लगऐवजी भिंतीस योग्य असे अँकर फास्टनर वापरावेत. जुन्या वाड्यांतील मातीच्या किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीत जाणत्या गवंड्याचा सल्ला घ्यावा. गीझरची वायर व नळ भिंतीत कोठून गेले आहेत हे आधी पाहावे. रबरी चकत्यांनी चिकटणारे दांडे स्वस्त असतात, पण ते केव्हा सुटतील याचा नेम नाही; मी ते कोणासही सुचवीत नाही. भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल, तर हाताच्या दांड्या असलेली व पायांना रबर बसवलेली कमोड खुर्ची हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. स्नानगृहाचे दार आत उघडणारे असल्यास पडलेल्या माणसाच्या देहानेच ते अडते, हेही ध्यानात असावे.

आपल्या रुग्णांपुरती आणखी एक अडचण आहे. चकचकीत स्टीलचा दांडा तेलकट तळहातात राहत नाही. म्हणून पकडीचा भाग खरखरीत असलेला दांडा घ्यावा. अभ्यंग स्नानगृहात उभ्याने न करता खोलीत खुर्चीवर बसून करावा, आणि उठण्यापूर्वी तळवे व तळहात कोरड्या फडक्याने पुसावेत. रात्री अनुलोमन देताना रुग्ण निद्राकर, रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची आधुनिक औषधे घेतो का, हे विचारावे. अशा रुग्णास उठताना भोवळ येण्याचा संभव असतो. त्याला सकाळीच वेग येईल अशी मात्रा व वेळ ठरवावी.

कुटुंबीयांचा आक्षेप ठरलेला असतो : ‘आम्ही आहोत ना धरायला.’ पण लज्जेमुळे वृद्ध मनुष्य जेथे कोणासही हाक मारीत नाही, अशी घरातील जागा हीच. एका निवृत्त शिक्षकांनी ‘घर रुग्णालयासारखे दिसेल’ म्हणून दांडा नाकारला होता. धुतलेला टॉवेल वाळत घालावयास तो सोयीचा आहे, असे सुनेने सांगितल्यावर ते राजी झाले! (टॉवेल अर्थातच दुसरीकडे वाळतो.)

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. वातहर तेलाची बाटली वृद्धासाठी नेली जात असेल, तर तळवे पुसण्याची व दांड्याची सूचना देणारी छापील चिठ्ठी सोबत द्यावी. शक्य असल्यास दोन-चार खात्रीचे दांडे दुकानात ठेवावेत व ते नीट बसवून देणाऱ्या कारागिराचा फोन क्रमांक ग्राहकास द्यावा.

माझ्या केसपेपरवर आता साठीपुढील रुग्णांसाठी दोन ओळी वाढल्या आहेत : स्नानगृहात दांडा आहे किंवा नाही, आणि असल्यास कोणत्या हातास. त्या आजींच्या घरी दोन दांडे बसले. अस्थिरोगतज्ज्ञांच्या अनुमतीनंतर त्यांचा अभ्यंगही पुन्हा सुरू झाला. तो आता खिडकीजवळच्या खुर्चीत होतो आणि तळवे त्यांची नात पुसते.