घोड्याच्या सांध्याची जखम : सूज उतरविणारे औषध आणि प्रतिजैविक

माथेरानसारख्या डोंगरी ठिकाणी जांभ्या दगडाच्या वाटांवरून ओझी व प्रवासी वाहून नेणाऱ्या घोड्याचा पाय घसरला, की तो बहुधा पुढच्या गुडघ्यांवर पडतो. नुसती कातडी सोलवटली असेल तर फारशी चिंता नसते. परंतु जखम सांध्यापर्यंत पोहोचून तिच्यातून तेलासारखा चिकट, पिवळसर द्राव झिरपू लागला, तर सांध्याची पिशवी फुटली आहे असे समजावे. अशा सांध्यात जंतू शिरले म्हणजे काही दिवसांतच हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजू लागते व जनावर कायमचे अधू होते. ज्याचे पोट घोड्यावर आहे त्याचा रोजगारच बुडतो.

अशा वेळी पशुवैद्य सांधा धुऊन काढतात, पेनिसिलिन व जेंटामायसिन ही प्रतिजैविके टोचतात, आणि वेदना व सूज कमी व्हावी म्हणून फिनाइलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन देतात. ही औषधे एकत्र देण्यात चूक काही नाही. मात्र ती शरीरात एकमेकांना न शिवता आपापले काम करतात, ही सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. सूज उतरविणाऱ्या औषधामुळे प्रतिजैविकाची रक्तातील पातळी बदलू शकते, आणि हा बदल घोड्याच्या हिताचा की अहिताचा हे वरवर पाहून कळत नाही.

प्रथम पेनिसिलिनचा विचार करू. हे औषध शरीरात फारसे न बदलता मूत्रपिंडांवाटे झपाट्याने बाहेर पडते. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे ते प्रथम रुग्णांना दिले गेले, तेव्हा तुटवड्यामुळे रुग्णाच्या मूत्रातून ते पुन्हा गाळून घेऊन वापरावे लागले होते, यावरून त्याची कल्पना येईल. मूत्रपिंडातील ज्या यंत्रणेने पेनिसिलिन बाहेर टाकले जाते, तिच्याच वाटेवर सूज उतरविणाऱ्या औषधांपैकी काहींची गर्दी होते. शिवाय फिनाइलब्युटाझोनचा बहुतेक सर्व भाग रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतो. त्यामुळे त्याच प्रथिनांवर बसणाऱ्या इतर औषधांची जागा हलू शकते. घोड्यांना ही दोन्ही औषधे बरोबर दिली असता रक्तातील पेनिसिलिन वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे.

हे वाचून पशुपालकास वाटेल की औषधाचे बळ वाढले, बरेच झाले. येथेच सावधपणे विचार केला पाहिजे. रक्तातील पातळी दोन कारणांनी वाढू शकते. एक म्हणजे औषध बाहेर जाणे मंदावणे. दुसरे म्हणजे ते रक्त सोडून ऊतींत कमी प्रमाणात जाणे. पाट तुडुंब भरून वाहताना दिसतो, पण बारे मोडलेच नाही तर वाफा कोरडा राहतो. जंतू वाफ्यात, म्हणजे सांध्यात, बसलेले असतात. पाटातील पाणी मोजून वाफ्याची ओल सांगता येत नाही.

जेंटामायसिनच्या बाबतीत अधिक नेमके आकडे उपलब्ध आहेत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्यांना फिनाइलब्युटाझोनच्या लागोपाठ मात्रा देऊन जेंटामायसिन दिले, तेव्हा शरीरातील त्याचा पसारा सुमारे २६ टक्क्यांनी आकसला, आणि रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ सुमारे २३ टक्क्यांनी घटला. म्हणजे औषध थोड्या जागेत दाटले आणि लवकर ओसरले. परंतु एवढ्यावरून घरच्या घरी मात्रा वाढविणे वा घटविणे हे साहस होय. जेंटामायसिन मूत्रपिंडाच्या पेशींत साठून त्यांना इजा करू शकते. दुसरीकडे, शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी जी नैसर्गिक द्रव्ये असतात, त्यांची निर्मितीच सूज उतरविणारी औषधे रोखतात. भर उन्हात चढ चढून आलेला, तहानलेला घोडा आणि ही दोन औषधे, असा तिहेरी योग टाळलाच पाहिजे. मध्यम बांध्याच्या घोड्यास विश्रांतीतही दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. औषधे चालू असताना बादली किती रिकामी झाली याकडे लक्ष ठेवावे, आणि घोडा पाणी पीत नसेल तर पुढची सुई टोचण्यापूर्वीच ते पशुवैद्यास सांगावे.

तथापि व्यवहारात सर्वांत अधिक हानी रक्तातील या बारीकसारीक फेरबदलांनी होत नाही, असे आमचे मत आहे. ती होते घोड्याच्या दिसण्याने फसल्यामुळे. सूज उतरविणारे औषध पोटात गेले की ताप उतरतो, घोडा तोबऱ्यात तोंड घालतो, लंगडणे थांबते. मालक म्हणतो, घोडा बरा झाला. आणि तिसऱ्याच दिवशी प्रतिजैविकाची सुई बंद होते. मग औषधाची पातळी काही टक्क्यांनी नव्हे, पार शून्यावर येते, आणि सांध्यातील उरलेले जंतू निर्धास्तपणे वाढतात. त्यात फिनाइलब्युटाझोनचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर एक दिवसाहून अधिकही टिकतो. म्हणून घोडा लंगडत नाही याला गुण मानण्यापूर्वी, वेदनाशामक केव्हा दिले होते ते पाहावे. खरी सुधारणा पशुवैद्य सांध्यातील द्राव तपासून ठरवतील.

मात्रेविषयीही सांगणे जरूर आहे. फिनाइलब्युटाझोनची मात्रा पहिल्या दिवशी दर किलो वजनास ४.४ मिलिग्रॅम, दोन वेळा, आणि पुढे २.२ मिलिग्रॅम, दोन वेळा, अशी सामान्यतः धरतात. ओझ्याची आपली तट्टे लहान चणीची असतात. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यास त्याच आकड्याने गुणावे, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे; वजन किलोत मिळते. घेर १५० व लांबी १४० असल्यास वजन सुमारे २६५ किलो. अशा तट्टाला थोराड घोड्याची दोन ग्रॅमची मात्रा दिली, तर ती पहिल्या दिवसाच्या मात्रेच्याही पावणेदोन पट होते. जठरात व मोठ्या आतड्यात व्रण पडणे आणि मूत्रपिंड बिघडणे हे अशा चुकीचे परिणाम होत.

घरात माणसांसाठी आणलेली डायक्लोफेनॅकची सुई घोड्यास कदापि टोचू नये. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. म्हणूनच २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या निर्मितीवर भारतात बंदी आली. जनावरांसाठी केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांवरही २०२३ साली बंदी घालण्यात आली.

घोडा दवाखान्यात नेताना आधी दिलेल्या प्रत्येक औषधाची रिकामी बाटली किंवा पुडीचा कागद बरोबर न्यावा. औषध कोणत्या दिवशी, किती वाजता व किती दिले, हे त्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवावे. नालबंदाने किंवा शेजाऱ्याने दिलेली पूडही त्यात आलीच.