नैरोबीतील एक दिवस

नैरोबी हे नाव मसाई भाषेतील ‘थंड पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून पडले. 1899 मध्ये रेल्वेचा तळ म्हणून वसलेले हे गाव आज केनियाची राजधानी आहे. तेथील लोहमार्ग घालण्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर गेले होते.

शहर संपते न संपते तोच राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आले. 1946 साली स्थापन झालेले केनियातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. “गाडीतून उतरू नका, गलका करू नका,” वाटाड्याने बजावले. जिराफांचा कळप संथपणे बाभळीचा पाला खात होता आणि त्यांच्या उंच मानांपलीकडे शहराच्या उत्तुंग इमारती दिसत होत्या! केवढे नवल!

पुढे राखेचा एक ढीग दृष्टीस पडला. 1989 साली अध्यक्ष मोई यांनी येथे सुमारे 12 टन हस्तिदंत जाळला होता.

“इतकी मौल्यवान वस्तू का बरे जाळली?” मी विचारले.

“हस्तिदंत हत्तीच्याच मुखात शोभतो, हे जगाला कळावे म्हणून!” वाटाडा उत्तरला.

उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे; दक्षिणेची बाजू तेवढी मोकळी. झेब्र्यांची ये-जा त्याच वाटेने चालते. पण तिकडेही वस्ती वाढत आहे. ही वाट बुजली, तर त्या मुक्या जीवांनी जावे कोठे?

सायंकाळी शहराच्या बाजारातून मी नातवासाठी एक लाकडी हत्ती घेतला. खऱ्या हत्तीने मात्र रानातच सुखाने नांदावे!

स्वाध्याय
1. हस्तिदंत का जाळण्यात आला?
2. उद्यानाची दक्षिण बाजू मोकळी असणे का आवश्यक आहे?