दिसतो तिथे मासा नसतो

तलासरी,
6 जुलै 2025

चि. सागर यास,


शुक्रवारी रात्री तुझा मेसेज वाचला आणि मुद्दामच उत्तर दिलं नाही. ‘मावशी, मी गिल्ड वॉर्समधला रेंजर सोडतोय, एलिमेंटलिस्ट करतोय’ याला अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळं होता आलं असतं, पण तसं करवेना. आज रविवार. पहाटेपासून पाऊस कोसळतोय, वीज गेलीय, आश्रमशाळेच्या मुली जेवून आपापल्या खोल्यांत गेल्यात. वहीतला कागद फाडून बसलेय. सावकाश वाच.

तुझी कारणं तीन. तुझ्या बाणाने कोणी मरत नाही. तुझ्याबरोबर खेळणारे ‘तू करतोस काय?’ असं विचारतात. आणि ज्याने तुला सगळ्यात जास्त लागलं, ते तिसरं: कॉम्प्युटर चालवतो ती मार्ग्रिड तुझ्या आधी मंत्र तोडते, मग तुझी गरज काय? तिसऱ्याकडे नंतर येते. आधी तुझा हिशोब कुठे चुकतोय ते दाखवते, कारण शुक्रवारी मी तुझ्याच बाजूला उभी होते आणि नीट बघत होते.

रेंजरचं काम बाणाने समोरच्याचा मंत्र मधेच तोडायचं. तू मंत्र सुरू झालेला बघतोस आणि मग बटण दाबतोस. कागदावर मांडून बघ. डोळ्यांनी पाहिलेलं बोटापर्यंत पोचायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, कितीही सराव कर. डिस्ट्रॅक्टिंग शॉट असो की सॅव्हेज शॉट, बाण सुटायला अर्धा सेकंद. आपल्याकडून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला, माझ्या घरचं बघितलं तर, साधारण 200 मिलिसेकंद. झाला जवळजवळ एक सेकंद, आणि बाण अजून हवेत आहे. आता समोरच्या मॉन्कचं, म्हणजे बरं करणाऱ्याचं, वर्ड ऑफ हीलिंग पाऊण सेकंदाचं असतं. म्हणजे ते दिसल्यावर सोडलेला बाण त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. प्रोटेक्टिव्ह स्पिरिट तर पाव सेकंदाचं, त्याचं नावच सोड. तू तासभर त्याच दोन मंत्रांच्या मागे धावत होतास आणि हात मंद आहेत म्हणून स्वतःला दोष देत होतास. हात अगदी ठीक आहेत तुझे.

याउलट रेझरेक्शन सिग्नेट 3 सेकंदांचं. मेलेला गडी परत उठवतात ते. 3 सेकंद म्हणजे तुझ्यासाठी बसून पाणी पिण्याइतका वेळ. मिटिअर शॉवर 5 सेकंदांचा. एजिस आणि हील पार्टी 2 सेकंदांचे. शुक्रवारच्या दुसऱ्या सामन्यात समोरच्याने आपल्यासमोर उभं राहून अख्खं सिग्नेट पूर्ण केलं, आणि त्या वेळी तुझा डिस्ट्रॅक्टिंग शॉट 10 सेकंदांसाठी थंड पडला होता, कारण तो तू एका फुटकळ मंत्रावर घालवला होतास. आपण तिथे हरलो.

आता आजाची गोष्ट. तुझ्या जन्माच्या आधीची.

पहिल्या पावसात ओहोळाला पाणी चढलं की वलगण लागते. वरोळीतून मासे उलटे, चढणीला, शेतापर्यंत येतात. गावातले लोक झोळी, मळई, जे हाती येईल ते घेऊन धावायचे. तुझा आजा कामठी घेऊन यायचा. बांबूची कामठी, तिची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, चिरून, घासून, धुराला धरून गुळगुळीत केलेली. तीराला बोटभर लोखंडी टोक. तो बांधावर एका पायावर भार देऊन उभा राहायचा आणि बराच वेळ काही करायचाच नाही. मी आणि तुझी आई मागे टोपली धरून. मासे पायाजवळून सळसळत जायचे. आम्ही ओरडायचो, ‘बाबा, तो बघा, तो गेला!’ त्यांची मान हलायची नाही.

मी आठवीत असताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात कामठी दिली. हाताएवढा मासा दगडाजवळ थबकला होता. मी बरोब्बर त्याच्यावर नेम धरला, सोडला, आणि तीर त्याच्या पाठीवरून निघून गाळात घुसला. तीन वेळा तसंच. चौथ्या वेळी बाबा मागे आले, माझी मूठ धरून टोक चार बोटं खाली दाबलं आणि म्हणाले, ‘दिसतो तिथे मासा नसतो. पाणी तुला तो वर दाखवतं. खाली धर.’

पुढे विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचं वक्रीभवन शिकले, आता मुलांना शिकवतेही. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो, म्हणून मासा खरा असतो त्याहून वर दिसतो. पण ते मला बांधावर कळलं होतं, पुस्तकाच्या दोन वर्षं आधी.

तुझ्या पडद्यावरचा मॉन्कसुद्धा पाण्यातला मासा आहे, सागर. तू त्याला बघतोस तेव्हा तो थोडा पुढे गेलेला असतो. तुझा बाण त्याच्यापर्यंत जाईल तेव्हा अजून पुढे. म्हणून त्याच्याकडे टक लावून बसू नको. तो ज्याला बरं करणार आहे त्याच्याकडे बघ. त्याच्या लढवय्याची लाल पट्टी भरभर उतरत अर्ध्याखाली आली, की मॉन्कचा हात वर्ड ऑफ हीलिंगकडे जाणारच. त्याला दुसरा मार्ग नाही. तो हात जाण्याच्या आधी तुझा बाण सुटलेला पाहिजे. दहातले चार चुकतील. पण लागलेल्या प्रत्येक डिस्ट्रॅक्टिंग शॉटने त्याचा तो मंत्र आणखी 20 सेकंदांसाठी कुलूपबंद होतो. चार-चार जणांच्या सामन्यात 20 सेकंद म्हणजे आपल्या लोकांना पाहिजे तेवढा वेळ.

जुना मॉन्क तुला फसवेलही. मंत्राला हात घालेल, तुझा बाण निघाला असं वाटलं की सोडून देईल, आणि तू रिकामा झालास की खुशाल बरं करेल. त्यासाठी एक सवय लाव. संशय आला तर सॅव्हेज शॉट सोड, तो 5 सेकंदांत परत येतो. डिस्ट्रॅक्टिंग शॉट खात्रीच्या जागेसाठी हातात ठेव. बाबा पण पहिल्या हलत्या पाण्यावर तीर सोडत नसत.

बाकी तांत्रिक गोष्टी पटकन सांगते. तू फ्लॅटबो वापरतोस, लांब पोचतो म्हणून. टाकून दे. त्याचा बाण उंच कमान करून सावकाश जातो. रिकर्व्हचा सपाट आणि वेगात जातो, मंत्र तोडणाऱ्याला तोच पाहिजे. जवळ जा, हवेतला वेळ कमी होतो. उंचावर जागा मिळाली तर घे, पण मधे भिंत किंवा टेकाड नाही ना ते आधी बघ, शुक्रवारी तुझे दोन बाण कठड्यात गेले. मार्क्समनशिप 12 व्या पायरीवर नेलंस ते ठीक, पण उरलेले गुण असे चिमूट-चिमूट वाटू नको. 200 गुणांत दोन गोष्टी 12 व्या पायरीपर्यंत जातात, दुसरी एक्स्पर्टीज ने. प्रत्येक पायरीमागे 4 टक्के शक्ती वाचते, म्हणजे 12 ला 48 टक्के. कन्कशन शॉटला 25 लागतात ते 13 वर येतील, मग तो परवडेल. मंत्र चालू असताना तो लागला की समोरचा भोवंडतो, त्याचे मंत्र दुप्पट वेळ घेतात, आणि मग तो पाऊण सेकंदवालाही तुझ्या टप्प्यात येतो.

आता मार्ग्रिड. हो, ती तुझ्यापेक्षा जलद आहे. तिला डोळा नाही आणि बोट नाही, मंत्र सुरू झाल्याची खबर तिला थेट मिळते. त्या शर्यतीत तू हरणार, मीही हरते, 2007 पासून हा खेळ खेळूनसुद्धा. मुंबईला बी.एड.ला होते तेव्हा हॉस्टेलजवळच्या एका सायबर कॅफेत सुरू केला होता, गिल्ड वॉर्स येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पण मार्ग्रिड कशावर बाण सोडते ते बघितलंस का? जे समोर येईल त्यावर. समोरच्याने एखादा किरकोळ मंत्र धरला, तोडला. लगेच मागून मिटिअर शॉवर सुरू झाला, आणि तिच्याकडे काही नाही. तिला सोडून देता येत नाही. तुला येतं. समोर मंत्र चालू आहे, बोट बटणावर आहे, लागेल याची खात्री आहे, आणि तरी तू दाबत नाहीस, कारण आठ सेकंदांनी याहून मोठं काही येणार हे तुला ठाऊक आहे. मला तुझ्याकडून एवढंच हवंय, आणि हे शिकायला मला तीन वर्षं लागली.

‘तू करतोस काय?’ विचारणाऱ्यांचं मी मनावर घेतलं होतं, तुझ्याच वयात नाही, चांगली चोवीस-पंचविशीची होते तेव्हा. एका गटाने मला काढून टाकलं होतं. मी चिडून महिनाभर आगीचे मंत्र खेळले. आकडे मोठे दिसायचे, बरं वाटायचं. मग एकदा समोर एक चांगला रेंजर आला. माझा एकही मोठा मंत्र पुरा होऊ दिला नाही त्याने. त्याने मला मारलंही नाही, मारलं दुसऱ्यांनीच. सामना संपल्यावर माझ्या गटातल्या कोणालाच कळलं नव्हतं की आपण कोणामुळे हरलो. मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी परत रेंजर काढला.

तुझं काम जे घडलं नाही त्यात असतं, आणि न घडलेलं कोणी मोजत नाही. हे दुःख खरं आहे, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण ज्याचा मंत्र तू तोडलास तो मोजतो.

एक आठवण लिहिते आणि थांबते, कारण कागद संपत आलाय. 2018 च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले ते तुला आठवतात ना, तुम्ही दिवाळीनंतर आला होतात. धुंदलवाडीच्या बाजूला लोक थंडीत घराबाहेर, ताडपत्रीखाली झोपायचे. आमच्या शाळेतल्या मुली पण मैदानात. पहिले काही दिवस जमीन हलली की सगळ्या एकदम धावायच्या, एकमेकींवर पडायच्या. महिन्याभरात पाचवीतल्या पोरीसुद्धा हलण्याची वाट बघेनाशा झाल्या. आधी जमिनीतून एक घुमणारा आवाज येतो, दूर ट्रक उलटल्यासारखा. तो ऐकला की त्या उभ्या राहायच्या आणि दाराकडे चालू लागायच्या, धावत नाही, चालत. काही वेळा नुसता आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. तेव्हा दारात उभ्या राहून परत यायच्या. ट्रकचा आवाज कुठला आणि जमिनीचा कुठला, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी झोपायचे आणि त्या पोरींकडून तो आवाज ओळखायला शिकले. तू पण समोरच्याचा आवाज ओळखायला लाग. कोणता मॉन्क घाबरला की मागे सरकतो, कोण आधी स्वतःला वाचवतो, कोण मंत्राच्या आधी क्षणभर थबकतो.

ताईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगा दोन-दोन वाजेपर्यंत बसतो आणि सकाळी कॉलेजला डोळे तांबडे करून जातो. मी तिच्या बाजूची आहे. रात्री एकनंतर तू दहातला एकही मंत्र धरत नाहीस, मी मोजलंय. साडेअकराला बंद करायचं, परीक्षेच्या महिन्यात उघडायचंच नाही. यात माझ्याशी वाद घालू नको.

एलिमेंटलिस्ट काढायचा असेल तर जरूर काढ, पण आधी महिनाभर माझ्याबरोबर रेंजरच खेळ. शनिवारी रात्री नऊला खेळात ये. इथे पावसाने वीज गेली तर मी दहाला येईन, तोवर एकट्याने सामना लावू नको, ग्रेट टेंपल ऑफ बाल्थझारमध्येच थांब आणि धनुष्य बदलून ठेव. पहिल्या सामन्यात तू एकही सॅव्हेज, एकही डिस्ट्रॅक्टिंग सोडायचा नाहीस. नुसतं बघायचं आणि मला सांगायचं, समोरचा कधी काय करणार ते, त्याने करायच्या आधी. हरलो तरी चालेल.

आजाची कामठी माझ्याकडेच आहे, आढ्याला. दोरी गेलीय. दिवाळीत आलास की नवी करू. बांबू कोणता घ्यायचा ते मला आठवतंय.

तुझी,
मावशी